गात नेलेला कवी

१९५७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने एक नवी रचनामाला वाजवली. विषय होता शेक्सपिअर. आदल्याच वर्षी हा वाद्यवृंद कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवात वाजवून आला होता आणि तिथे या कामाचे बी पडले होते. एलिंग्टन आणि त्याचा जिवाभावाचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी मिळून बारा तुकडे बांधले. एका नाटककाराला जॅझवाल्यांनी दिलेली ही मानवंदना. तीत शेक्सपिअरचा एक शब्दही कुणी उच्चारत नाही. यांतल्या चार तुकड्यांना त्यांनी ‘सॉनेट’ म्हटले, आणि ते नाव शोभेचे नव्हते. इंग्रजी सुनीताच्या ओळी १४, दर ओळीत अक्षरे १०. या तुकड्यांतही सांगीतिक वाक्ये १४ आणि दर वाक्यात स्वर मोजून १०. दोन सुनीते ट्रॉम्बोन म्हणतो, एक क्लॅरिनेट, एक बास. ही मोजदाद ठाऊक नसलेल्यालाही ते संगीत भावते. ठाऊक झाली की मात्र वादकांविषयीचा आदर दुणावतो. कवीची थोरवी सांगत बसण्यापेक्षा त्यांनी कवीचा साचाच आपल्या श्वासात उतरवून घेतला होता.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीच्या गाण्याविषयी लिहिताना सुरुवात इतक्या दुरून केली, कारण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. लेखकाचा सन्मान संगीताने करायचा म्हणजे काय करायचे? त्याच्यावर गाणे रचायचे? त्याच्या ओळींना चाली लावून त्या सभागृहात म्हणायच्या? की त्याच्या शब्दांची लय अंगात भिनेपर्यंत ते शब्द म्हणतच राहायचे? वारकऱ्यांनी ही तिसरी वाट धरली आणि तीनशेहून अधिक वर्षे ती सोडलेली नाही. या सोहळ्याकडे आपण भक्तीचा, शिस्तीचा, गर्दीचा सोहळा म्हणून पाहतो. वर्तमानपत्रांत रिंगणाची छायाचित्रे येतात, वाहतुकीतल्या बदलांच्या बातम्या येतात. एका कवीला हजारो गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी दिलेली मानवंदना म्हणून हा सोहळा कान देऊन ऐकणारे मात्र थोडे. तो तसा ऐकला जावा, एवढ्यासाठी पुढची पाने आहेत.

तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ही प्रथा घातली. तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला जात, तिथून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेत आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरीला नेत. पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. पालख्या वेगळ्या झाल्या, वाटा वेगळ्या झाल्या, गजर मात्र वेगळा झाला नाही. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर दोन्ही वाटांवर सारखाच चालतो. पालख्यांची फाळणी झाली तरी गाण्यात ती कुणी होऊ दिली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माउलींची वाट पुण्याहून दिवेघाट चढून सासवड, जेजुरीकडे जाते. तुकोबांची वाट लोणी काळभोर, यवत, वरवंड, मग रोटी घाट, उंडवडी गवळ्याची आणि बारामती अशी येते. बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते आणि पालखी पुणे जिल्हा सोडून अकलूजकडे जाते. म्हणजे पुण्यापासून पंढरपूरपर्यंतच्या या वाटेचा मधला, भरगच्च भाग या दोन तालुक्यांत येतो. दिंड्यांचे गळे तोवर तापलेले असतात. पहिल्या दिवसांतली घाई सरलेली असते, पाय आणि ठेका यांचे जमलेले असते. गाणे ऐकायचे तर इथेच ऐकावे, असे मी सांगतो ते यामुळे.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. सणसरजवळ भवानीनगरला साखर कारखान्याची धुराडी दिसतात. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र आजही आषाढाकडे डोळे लावून बसावे लागते. पालखी येते ती नेमकी याच दिवसांत. पेरण्या झालेल्या असतात किंवा पावसाअभावी खोळंबलेल्या असतात. वाटेवर उभा असलेला शेतकरी अभंग ऐकतो तेव्हा आभाळाकडेही पाहत असतो. तुकोबांनी स्वतः दुष्काळ पाहिला होता. १६२९-३० च्या त्या भयंकर वर्षांनी त्यांची पहिली बायको नेली, मूल नेले, व्यापार बुडवला, आणि त्यानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. या वाटेवर त्यांचे शब्द निराळ्या तऱ्हेने पोचतात, याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

बारामतीला तिचा स्वतःचा कवी आहे, आणि त्याला वगळून इथल्या कवी-संगीताच्या नात्याविषयी बोलता येणार नाही. मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला. पुढे ते बारामतीला आले आणि बाबूजी नाईक जोश्यांच्या आश्रयाने, त्यांच्याकडे पुराण सांगत, १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत इथलेच झाले. नाइकांचा वाडा कऱ्हेच्या काठी. त्या काठावर बसून मोरोपंतांनी अख्खे महाभारत आर्यांत आणले आणि रामायण १०८ तऱ्हांनी लिहिले अशी ख्याती मिळवली. एका रामायणात ओठाला ओठ लावावा लागेल असे अक्षरच येऊ द्यायचे नाही, असले कडक पण ते स्वतःला घालून घेत. मोरोपंतांना कोरडे पंडित म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही. बारा आणि अठरा मात्रांच्या त्या मोजक्या जागेत त्यांनी किती नाट्य भरले आहे, हे वाचून कळत नाही. चांगल्या कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले की कळते.

मोरोपंत टिकले ते कीर्तनकारांमुळे. सोलापूरचा रामजोशी लावण्यांनी आणि डफाने गाजत होता. मोरोपंतांच्या भेटीनंतर तो कीर्तनाकडे वळला आणि त्यांच्या आर्या त्याने गावोगाव नेल्या, असे परंपरेने सांगितले जाते. १९४७ साली आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या बोलपटाने ती कथा आणखी दूर नेली. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिचा गाभा खरा आहे. छापखाना घरोघर पोचण्याआधी आर्या महाराष्ट्रभर पसरली ती हरिदासांच्या गळ्यांतून. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला पुष्कळदा संताचा, बहुधा तुकोबांचा, अभंग निरूपणाला घेतात आणि उत्तररंगातल्या आख्यानात मोरोपंतांच्या आर्या येतात. देहूचा वाणी आणि बारामतीचा पुराणिक हे दोघे एकाच कीर्तनात, एकाच पेटी-तबल्याच्या साथीवर, असे एकमेकांच्या मागे उभे असतात. दोघांच्या काव्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर वाद घालून नव्हे, चाल बदलून दाखवणारी ही मंडळी आपल्याकडे होती, आहेत.

पण पालखीच्या वाटेवरचे गाणे नारदीय कीर्तनाहून वेगळे. ते समजून घेण्यासाठी आधी दिंडी कशी उभी राहते ते पाहिले पाहिजे. पुढे पताकावाले. मग टाळकरी, समोरासमोर रांगा धरून. त्यांच्यामध्ये पखवाजी, ज्याला कुणी मृदंगी म्हणतात. मग विणेकरी, आणि मागे डोईवर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. वीणा खाली टेकवायची नाही असा दंडक आहे. एक थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. चाल म्हणणारा एक किंवा दोघे. तो धृपद उचलतो, समोरची रांग ते घेते, दुसरी रांग परत करते. मग तो एक चरण म्हणतो आणि पुन्हा धृपदावर येतो. प्रत्येक फेरीला लय किंचित चढते. टाळ आधी धीमे, मग दुप्पट. पखवाजाचा भजनी ठेका आठ मात्रांत पाऊल धरून चाललेला. चढ पुरेसा झाला की शब्द मागे पडतात, नुसते धृपद उरते, पावली सुरू होते, टाळकरी वाकतात, वळतात, उडी घेतात, आणि शिखरावर पोचून एका क्षणी सगळे थांबते. पुढचा अभंग पुन्हा सावकाश सुरू होतो.

या रचनेचे रहस्य अभंगातच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात. पहिले तीन तुकडे भरलेले, चौथा दोन अक्षरांनी तोकडा. कागदावर ही एक छोटी उणीव दिसते. गाताना तिथे जागा मोकळी होते, आणि ती जागा पखवाजाची. चांगला पखवाजी तिथे काय वाजवतो त्यावर अख्ख्या दिंडीचा जोर ठरतो. शिवाय अभंगात लघुगुरूची सक्ती नाही. अक्षर ओढता येते, आखडता येते. चढण असली, चिखल असला, म्हातारे माणूस मागे पडले, तर चाल तेवढी सैल होते आणि अभंग मोडत नाही. मोरोपंतांची आर्या चालत म्हणायला कठीण, कारण तिच्या मात्रांना खाडाखोड चालत नाही. तुकोबांचा अभंग पायी चालण्यासाठीच घडल्यासारखा आहे.

इथे जॅझ पुन्हा आठवतो, आणि हे साम्य मी ओढूनताणून आणत नाही. तिथेही सांगाडा ठरलेला असतो: अमुक इतक्या मात्रांचे आवर्तन, ते फिरून फिरून येणार. मधली मोकळी जागा वादकाने भरायची. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, ही पद्धत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या गाण्यातून तिथे आली. न्यू ऑर्लिन्स शहरात ब्रास बँड रस्त्याने वाजवत जातो आणि त्याच्या मागे रुमाल हलवत, नाचत चालणाऱ्या लोकांची दुसरी रांग तयार होते. त्या रांगेशिवाय बँड अपुरा मानला जातो. रस्त्यावर, पायी, ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात भिंत न ठेवता हे संगीत वाढले. आणखी एक खूण मला विशेष वाटते. जॅझचा वादक एक गाणे रंगवत असताना मध्येच दुसऱ्या गाण्याची दोन-चार स्वरांची ओळख पेरून जातो आणि जाणता श्रोता हसून दाद देतो. वारकरी कीर्तनात हेच ‘प्रमाण’ देताना घडते. कीर्तनकार एका अभंगावर बोलत असतो; ओघात तो दुसऱ्या अभंगाचा पहिला शब्द उच्चारतो, आणि पाठीमागचे टाळकरी उरलेला चरण तिथल्या तिथे, त्याच सुरात उचलतात. कोणता अभंग येणार हे आधी ठरलेले नसते. साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा कंठात असल्याशिवाय हे होत नाही.

साम्य इथपर्यंतच. जॅझमध्ये वादकाची स्वतःची सही ऐकू आली पाहिजे; दोन स्वरांत ओळखू यावा की हा अमुक. दिंडीत कुणाला अशी सही नको असते. सही एकाचीच, अभंगाच्या शेवटच्या चरणातली, तुकोबांची. उत्तम चाल बांधणारे गायक, मनगटात जादू असलेले पखवाजी या दोन तालुक्यांच्या गावोगावी होऊन गेले. त्यांच्या चाली राहिल्या आणि नावे गेली. या विनम्रतेपुढे मी मान लववतो. तरी जी नावे अजून कळू शकतात ती लिहून ठेवायला हवीत, असेही मला तितक्याच तळमळीने वाटते.

ही माणसे शिकतात कुठे? पुष्कळ जण गावच्या देवळात, काकड्याला, हरिपाठाला बसून. लहान मुलाच्या हातात आधी टाळ येतात, मग तो पखवाजाशेजारी सरकतो. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या शिक्षणाला शिस्तशीर रूप दिले: चार वर्षे राहायचे, गाथा आणि ज्ञानेश्वरी पाठ करायची, गायन आणि पखवाज शिकायचा, माधुकरी मागायची. तिथून तयार झालेली मुले गावी परतली आणि त्यांनी आपापल्या भागात शिष्य केले. बारामती-इंदापूरच्या भजनातही असे दोन प्रवाह ऐकू येतात. एक संस्थेतून आलेला, शास्त्रीय रागांची जाण असलेला, बोल स्वच्छ काढणारा. दुसरा गावठाणातला, जाडाभरडा, थोडा बेसूरही, पण चढाला लागला की अंगावर काटा आणणारा. मला दुसऱ्याची काळजी वाटते. ध्वनिक्षेपक आणि ठरावीक चालींच्या ध्वनिमुद्रिका घरोघर आल्यापासून सगळी भजने एकाच घडणीची होऊ लागली आहेत.

पखवाजाविषयी थोडे अधिक, कारण पालखीच्या वाटेवर या वाद्याइतकी परीक्षा कुणाची होत नाही. उजव्या पुडीला शाई असते. डाव्या पुडीला कणीक भिजवून थापतात, तिच्याने खर्ज येतो. कणीक कमी झाली की आवाज पोकळ, जास्त झाली की मुका. मैफलीत पखवाजी हे एकदा जमवतो आणि वाजवायला बसतो. इथे आषाढाची सर येते, चामडे ओल धरते, सूर उतरतो. तासाभराने ऊन पडते आणि पुडी ताणते. पखवाजी वाद्यावर कागद किंवा प्लास्टिक गुंडाळतो, झाडाखाली थांबून गठ्ठे ठोकतो, कणीक पुन्हा लावतो आणि धावत दिंडी गाठतो. खांद्याला पट्टा, पट्ट्याला इतके वजनदार लाकूड, आणि चाल मैलोगणती. सुरात वाजवणे हे तिथे रोज नव्याने कमवावे लागते.

मग गावे. बारामतीत मुक्काम पडतो त्या रात्री शहर झोपत नाही. कीर्तन, जागर, दिंड्यादिंड्यांतले भजन पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती धावायला सोडतात. मेंढ्यांच्या खुरांचा तो दडदड आवाज टाळांच्या किणकिणाटात मिसळतो, आणि या मुलखातला धनगर गाण्यात आपला वाटा असा घालतो. बेलवडीला पालखीचे पहिले गोल रिंगण. पताकावाले धावतात, तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, पखवाजी ते धूड सांभाळत धावतात, शेवटी अश्व. छायाचित्रकार अश्वाची वाट पाहत असतात. मी म्हणेन, विणेकरी धावतात तेव्हा त्यांच्या बोटांकडे पाहा. तारा छेडल्या जात असतात. इंदापूरचे रिंगणही मोठे. मालोजीराजांच्या जहागिरीचे हे जुने गाव पालखी आली की दोन्ही अंगांनी भरून जाते आणि रिंगणानंतर टाळ-मृदंगाचा जो खेळ रंगतो तो पाहून ज्यांनी आयुष्यात टाळ धरला नाही त्यांचे पायही हलू लागतात.

दिवसभर काय गायचे ते मनाला येईल तसे नसते. भजनी मालिका ठरलेली आहे. पहाटे काकड्याचे अभंग आणि भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाटेत वाराचे अभंग, म्हणजे सोमवारचे निराळे, गुरुवारचे निराळे, संध्याकाळी हरिपाठ. एखाद्या मोठ्या रचनेचे भाग जसे क्रमाने यावेत तसा हा दिवसाचा क्रम. स्वातंत्र्य चालीत, ठेक्यात, चढात. मालिकेच्या या चौकटीमुळेच अनोळखी गावचा माणूस वाटेत दिंडीत शिरतो आणि दुसऱ्या मिनिटाला बरोबर गाऊ लागतो.

वाटेवरच्या ज्या बाया दिंडीत चालत नाहीत त्यांचेही गाणे आहे, आणि ते कुठल्याच मालिकेत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरीची वाट आहे, पालखी आहे, तुकोबा आहेत, आणि तुकोबांची बायको जिजाऊही आहे. घर सोडून न निघता आलेल्या बाईने दळता दळता केलेली ही मानवंदना. विद्वानांनी तुकोबांवर लिहिलेल्या ग्रंथांत जिजाऊला फारसे न्याय्य स्थान मिळाले नाही. जात्याजवळ ती बरोबरीने बसलेली सापडते.

रंगमंचाने आणि पडद्याने तुकोबांना जे दिले तेही थोडके नाही. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस गायले आणि ते चित्र व्हेनिसपर्यंत गौरवले गेले. त्या चित्रपटातले बीज, अंकुर आणि वृक्ष यांवरचे पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेले, चाल केशवराव भोळ्यांची. ते इतके अस्सल उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले, भजनात घेतले, आजही घेतात. दुसऱ्याच्या गौरवासाठी लिहिलेली ओळ त्याच्याच नावावर जमा व्हावी, याहून मोठी पावती आठवल्यांना कुणी देऊ शकले नसते. पुढे कुमार गंधर्वांनी तुकोबांवर स्वतंत्र कार्यक्रम बांधला. श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर लता मंगेशकर गायल्या. भीमसेन जोशींच्या संतवाणीने अभंग ज्यांच्या घरी वारी नव्हती त्यांच्या घरी नेला. दिंडीच्या चढात जे शब्द गर्दीत हरवतात ते या गायकांनी एकेक करून लखलखीत ऐकवले, हे ऋण मोठे आहे. पण सभागृहात एक गोष्ट सुटते: दुसरी रांग. धृपद परत करणारे गळे तिथे नसतात, किंवा साथीला दोन-चार असतात. अभंग हा मुळात दोन बाजूंनी म्हणायचा प्रकार. तुकोबांच्या स्वतःच्या कीर्तनातही चौदा टाळकरी मागे उभे असत असे परंपरा सांगते. एकट्याने गायिलेला अभंग कितीही सुंदर असला तरी अर्धाच असतो, असे माझे मत आहे आणि ते बदलावे असे काही अजून ऐकले नाही.

आधुनिक कवींमध्ये ही गोष्ट अरुण कोलटकरांनी ओळखली होती असे वाटते. अमेरिकन ब्लूजवर जीव असलेला हा कवी अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला. तुकोबांचे इंग्रजीत भाषांतर त्यांनीही केले आणि दिलीप चित्र्यांनीही. चित्र्यांच्या तुकोबांनी मराठीबाहेर मोठा वाचक मिळवला. पाण्यात बुडवलेल्या तुकोबांच्या वह्यांची आठवण जागवणारे नाव कोलटकरांनी २००३ साली आपल्या ‘भिजकी वही’ला दिले. कवितेत ठेका कसा पेरायचा हे पखवाजावर हात ठेवून शिकलेला माणूस तुकोबांजवळ यावा, हे स्वाभाविक होते. आणि जॅझ या मुलखाला परका आहे असेही कुणी म्हणू नये. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो वाजत होता; गोव्याच्या वादकांनी तो आत्मसात केला आणि हिंदी-मराठी चित्रपटसंगीताच्या अंगणात आणून सोडला. एलिंग्टन स्वतः १९६३ साली मुंबईत वाजवून गेला.

पुढच्या पानांत मी वाटेचा क्रम धरला आहे: उंडवडीपासून सराटीपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर कोणत्या वेळी मालिकेतला कोणता भाग येतो, चाल कशी उचलतात, पखवाजी काय करतो, याकडे लक्ष दिले आहे. तुकोबांचे चरित्र, गाथेच्या पाठभेदांचे प्रश्न, सोहळ्याची व्यवस्था यांवर अधिकाराने लिहिणाऱ्यांचे ग्रंथ उपलब्ध आहेत, म्हणून त्यांत मी शिरलो नाही. गाथेची छापील शुद्ध प्रत सिद्ध व्हावी म्हणून एकोणिसाव्या शतकात शंकर पांडुरंग पंडितांसारख्यांनी गावोगावच्या वह्या जमवल्या, ताडून पाहिल्या. चालींच्या बाबतीत ते काम अजून व्हायचे आहे. सणसर ते बेलवडी या एका सकाळच्या वाटेवर एकाच अभंगाच्या किती चाली कानी पडतात, त्यांतली कोणती कऱ्हेकाठची, कोणती नीरेकाठची, कोणती मराठवाड्यातून आलेल्या दिंडीबरोबर आली आणि इथल्या भजनी मंडळाने ठेवून घेतली, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. ध्वनिमुद्रणाची साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. गावच्या शाळेतल्या मुलांनी, भजनी मंडळातल्या तरुणांनी आपल्या गावापासून सुरुवात करावी. चाल नोंदवताना अभंग कोणता, दिंडी कोणती, टप्पा कोणता हे लिहावे. ती चाल ज्यांच्याकडून आली त्यांचे नाव आणि गाव लिहावे. आणि पखवाजावर कोण होते, ते विसरू नये.